दुपारचं शून्य

लोहाऱ्याजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात मी संगणकाचं काम बघायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, म्हणून आई शेजारणींना मी ‘दुधाच्या ऑफिसात’ असल्याचं सांगायची. त्या ऑफिसात एक खुर्ची, एक लिनक्सवर चालणारा जुना संगणक आणि खिडकीतून दिसणारी दुधाची स्टीलची टाकी, एवढंच होतं.

टाकीतला सेन्सर दर पाव तासाला तापमान पाठवायचा. एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, आधीच्या आकड्यातून नवा आकडा वजा करून फरक लिहून ठेवायची. ती माझ्या आधी हे काम करणाऱ्या मुलानं लिहिलेली होती. तो नोकरी सोडून पुण्याला गेला होता.

हिवाळा लागला आणि ही नोंद रोज बंद पडायला लागली. सकाळचं दूध येताना ठीक चालायची. संध्याकाळच्या दुधापासून रात्री टँकर टाकी रिकामी करून जाईपर्यंतही ठीक. बंद पडायची ती फक्त दुपारी; संध्याकाळी मी ती परत चालू करायचो. आणि दुपारी टाकीपाशी एकच माणूस असायचा, टाकी सांभाळणारे आमचे मामा. माझे कुणी नव्हेत, पण केंद्रात सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

‘‘दुपारीच का बंद पडतं?’’ केंद्राचे साहेब मला म्हणाले. ‘‘तो मामा झाकण उघडतो, दूध काढतो, पाणी घालतो. आकड्यात दिसू नये म्हणून सेन्सरची वायर ओढतो. शनिवारपर्यंत बघ. नाहीतर मी दुसरा माणूस लावतो.’’

त्याच दिवशी झाकणाला कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या खिशात गेली.

मलाही मग मामांची ओली बाही दिसायला लागली. बाही ओली कशानं? रिकामा कॅन घेऊन ते मागच्या बाजूला कशाला गेले? आदल्या आठवड्यापर्यंत असं काही माझ्या मनातही आलं नव्हतं.

‘‘मामा, वायरीला चुकून हात लागतो का तुमचा?’’

‘‘म्या तिच्या वाटंलाबी जात न्हाय. तुमचाच लागत असंल. दिवसभर त्या पेटीत डोकं घालून बसता तुमी.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘साहेबानं तुमाला माझ्यावर नजर ठिवाया बसवलंय, व्हय ना?’’

मी पडद्याकडं वळलो.

शुक्रवारी दुपारी मी त्यांना खिडकीसमोर उपड्या कॅनवर बसायला सांगितलं. ते माझ्याकडं बघत होते, मी त्यांच्याकडं आणि पडद्याकडं. आकडा आला ४२, म्हणजे चार पूर्णांक दोन अंश. पाव तासानं परत ४२. आणि नोंद थांबली. मामा जागचे हलले नव्हते.

आता संशय घ्यायला स्क्रिप्टच उरली. तिच्या सुरुवातीलाच सूचना होती की कुठलीही आज्ञा फसली तर तिथंच थांबायचं. वजाबाकी expr नावाच्या छोट्या आज्ञेकडं दिलेली होती. मी हातानं ती चालवून बघितली. ४३ वजा ४२, उत्तर १. बरोबर. ४२ वजा ४२, उत्तर शून्य. तेही बरोबरच.

कॉलेजात आमचे सर म्हणायचे, उत्तर आलं म्हणून उठू नका, आज्ञेला विचारा की तुझं काम झालं का. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी विचारलं. पहिल्या वजाबाकीला expr म्हणाली, झालं. दुसरीला म्हणाली, फसलं. उत्तर शून्य आलं की ही आज्ञा बरोबर उत्तर देते आणि वर फसल्याची खूणही करते. ती खूण बघून स्क्रिप्ट थांबत होती.

दुपारी नवं दूध येत नाही. थंडीच्या तोंडावर मामांनीच झाकणाला नवं रबर बसवलं होतं. टाकी घट्ट बंद राहायची, आतलं तापमान जराही हलायचं नाही. म्हणून फरक शून्य.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे टाकी नीट असली की हे बंद पडतं?’’

‘‘हो साहेब.’’

‘‘त्याला वाचवायला सांगत नाहीस ना? एका गावचे का तुम्ही?’’

‘‘नाही साहेब. मी परंड्याचा.’’

त्यांनी मला बाजूला सारून स्वतः आकडे घालून बघितले. पाच वजा पाच. शंभर वजा शंभर. प्रत्येक वेळी फसल्याची खूण.

मी expr काढून तीच वजाबाकी शेलच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, स्वतःच्या गणितात टाकली. शनिवारी दुपारी आम्ही तिघंही पडद्यासमोर उभे होतो. शून्य आलं. पाव तासानं त्याच्याखाली आणखी एक शून्य आलं.

साहेबांनी कुलूप काढून खिशात टाकलं आणि बाहेर गेले.

मामा टाकीपाशी गेले. दुपारचा नमुना काढायचा होता. झाकणावर हात ठेवून ते थांबले आणि खिडकीकडं वळले.

‘‘या की इकडं,’’ ते म्हणाले. ‘‘म्या उघडतो, तुमी बघा.’’

‘‘मामा, आता कशाला?’’

‘‘आता तर लई गरज हाय. एकदा संशय आला की जात न्हाय.’’

मी जाऊन उभा राहिलो. मी ती नोकरी सोडेपर्यंत मामांनी एकट्यानं झाकण कधी उघडलं नाही.