फोनातली बाई

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवी टेलिफोन यंत्रणा बसली तेव्हा तिचं सगळ्यात जास्त कौतुक मलाच होतं. कारण सरळ आहे, तिनं माझं कौतुक केलं. त्याआधी शहापूरच्या आमच्या ऑफिसात टेबलावर एक साधा फोन होता आणि त्यावर कोण काय बोललं याचा पत्ता कोणालाच नसायचा. नव्या यंत्रणेत प्रत्येक फोनची नोंद व्हायला लागली. कधी लावला, उचलला की नाही, किती वेळ चालला, सगळं. बोलणंही रेकॉर्ड व्हायचं. आमच्या सुपरवायझर बाई कल्याणहून यायच्या, कानाला हेडफोन लावून त्यातले काही फोन ऐकायच्या आणि गुण द्यायच्या. सुरुवातीचं वाक्य पूर्ण घेतलं का, आवाज नम्र होता का, तारीख स्पष्ट सांगितली का. दर सोमवारी रिपोर्ट निघायचा आणि त्यात पहिला नंबर माझा.

मी फुगले होते हे लपवत नाही. डोळखांबकडच्या पाड्यावरची मुलगी मी. शहापूरला कॉलेजात आले तेव्हा माझ्या एका 'नाय'ला अख्खा वर्ग हसला होता. तो हसण्याचा आवाज माझ्या कानातून बरीच वर्षं गेला नाही. मी हट्टानं बोलणं बदललं. बातम्या ऐकून, आरशासमोर बोलून, 'ण' घासूनपुसून लख्ख केला. नंतर घरी गेले की आईसुद्धा म्हणायची, काय गो, पाव्हण्यासारखी बोलतेस. मला ते बोलणं शाबासकीसारखं वाटायचं.

काम म्हणाल तर सोपं होतं. आमचे डॉक्टर गावोगाव शिबिरं घेत, मोतीबिंदू असलेल्यांची नोंद करत. मग ऑपरेशनची तारीख ठरली की फोन करून कळवायचं आणि त्या दिवशी दवाखान्याची गाडी फाट्यावर जाऊन माणसांना घेऊन यायची. एक गाडी मुरबाडहून टोकावड्यापर्यंत, एक खर्डीकडे, एक डोळखांबकडे. नंबर कॉम्प्युटरच लावायचा. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून पडद्यावर नाव नसायचं, नुसता केस नंबर, कुठली गाडी ते आणि तारीख. समोरून उचललं की मी सुरू करायची, "नमस्कार. आपली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अमुक तारखेस निश्चित झालेली आहे. कृपया आपण आपल्या गावच्या फाट्यावर सकाळी उपस्थित राहावे." एका दमात, कुठेही न अडखळता. आमच्याकडच्या एकाही माणसानं आयुष्यात कधी 'उपस्थित राहावे' म्हटलेलं नाही, पण ते वाक्य वरून लिहून आलं होतं आणि माझ्या तोंडात छान बसलं होतं.

टोकावड्याची गाडी भरून यायची. खर्डीची यायची. डोळखांबची मात्र रिकामी. पहिल्यांदा वाटलं, भातझोडणीचे दिवस आहेत. झोडणी संपली तरी तेच. आमचा ड्रायव्हर बोलका माणूस, तो फाट्यावर तासभर थांबून, चहा पिऊन, रिकामाच परत यायचा आणि दारातूनच म्हणायचा, तुमची माणसं काय आली नाय हो मॅडम. 'तुमची' या शब्दावर त्याचा भर असायचा. मी रिपोर्ट दाखवायची. रिपोर्टात सगळे फोन उचललेले होते आणि प्रत्येकापुढे 'निरोप पोहोचला' असं कॉम्प्युटरनंच लिहिलेलं होतं. समोरचे मध्येच ठेवून देतात हे मला माहीत होतं. पण आमच्याकडे 'बरं, ठेवतो मग' वगैरे म्हणायची पद्धत नाही. काम कळलं की फोन ठेवतात. मला वाटायचं, कळलं.

मग वरून निर्णय आला. डोळखांबच्या लोकांना गरज दिसत नाही, तर ती गाडी बंद करून मुरबाडकडे दुसरी फेरी वाढवावी. शुक्रवारची गाडी शेवटची. सुपरवायझर बाईंनी हे मला जरा हळूच सांगितलं आणि मला पहिल्यांदा राग आला तो आपल्याच माणसांचा. दारात गाडी येते आणि यांना चढवत नाही. दुसऱ्याच क्षणी आत्या आठवली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. डोळखांबच्या आत एका पाड्यावर राहते. तिचे दोन्ही डोळे गेल्या काही वर्षांत धूसर होत आले होते. दिवाळीला गेले तेव्हा नाचणीची भाकर उलटताना तिचा हात तव्यावर पडला. चटका बसला तरी ती हसत होती, कारण बाजूला मी होते. मीच तिला आमच्या शिबिरात नेलं, नाव घातलं आणि सांगितलं, नंबर लागला की फोन येईल. दिवाळीनंतर तिचा मुलगा बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेला. जाताना त्यानं तिला एक बटणांचा फोन घेऊन दिला होता आणि शिबिरात नोंद झाली ती त्याच नंबरची. माझ्याकडे तो नंबर नव्हता. तारखा लावायचं टेबल वेगळं असल्यामुळे मी धरून चालले होते की तिची तारीख अजून लागायचीच आहे. आता गाडीच बंद होणार म्हटल्यावर ती शहापूरला येणार कशी? पाड्यावरून एस.टी.पर्यंतची वाटसुद्धा तिला एकटीला दिसत नव्हती.

मी बाईंना म्हटलं, डोळखांबचे फोन एकदा ऐकू या तरी. त्या तयार झाल्या. आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसलो, हेडफोन काढून त्यांनी स्पीकर लावला.

स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकणं फार वाईट. नमस्कार, आपली मोतीबिंदूची. कट. नमस्कार, आपली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. कट. एका आजोबांनी तर माझं 'नमस्कार' संपायच्या आत ठेवलं. आवाज गोड होता, सपाट होता, त्यात कुठे श्वास नव्हता. बाई म्हणाल्या, उच्चार मात्र छान आहेत हं तुझे. पुढचा फोन लागला. माझं वाक्य सुरू झालं आणि त्याच्यावरून, तेव्हा बोलण्याच्या नादात मला ऐकूच न आलेला, एक म्हातारा आवाज बाजूच्या कोणाला तरी सांगत होता,

"कोन नाय गो. ती फोनातली बाय हाये. ती आपलंच बोलत बसते, आपलं आयकत नाय."

लांबून कोणीतरी काहीतरी विचारलं. मग पुन्हा तोच आवाज.

"माजी भाची हाये ना दवाखान्यात, तिचा फोन येल. तवा जाऊ सगल्या."

कट.

मला आधी हसूच आलं. फोनातली बाई म्हणजे ती, 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती' म्हणणारी. ती बोलायला लागली की फोन ठेवायचा, एवढं आमच्या पाड्यांवर सगळ्यांना पाठ आहे. टोकावड्याकडे, खर्डीकडे फोन शिकलेली पोरं उचलतात; आमच्याकडची तरणी माणसं भट्टीवर गेलेली, फोन म्हाताऱ्यांच्याच हातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. आत्या माझ्या फोनची वाट बघत माझाच फोन ठेवून देत होती आणि तिच्या भरवशावर पाड्यातल्या बाकीच्या म्हाताऱ्याही बसल्या होत्या. हसता हसता डोळे भरले ते मला कळलं नाही. बाईंनी फोन थांबवला आणि विचारलं, ओळखीच्या आहेत का? मी म्हटलं, आत्या आहे माझी. तिनं मला अंगाखांद्यावर वाढवलंय आणि तिला माझा आवाज ओळखू आला नाही.

वाक्य बदलायची परवानगी आपल्या हातात नाही, बाई म्हणाल्या, आणि हा फोनही रेकॉर्ड होणार. मी म्हटलं, होऊ दे. गुण कापा माझे. त्यांनी तो नंबर पुन्हा लावला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

उचलला गेला. आमच्याकडे उचलल्यावर कोणी हॅलो म्हणत नाही, नुसतं ऐकत राहतात. मी पण गप्प राहिले. पलीकडे कोंबडी ओरडत होती. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं थांबलेलं मला कळत होतं आणि कॉलेजातला तो वर्ग पुन्हा समोर बसलाय असं वाटलं.

"आत्या, मी हाये गो."

"कोनाची गो तू?"

आमच्याकडे हा पहिला प्रश्न. नाव नंतर. मी म्हटलं, तुज्या भावाची, धाकट्याची. पण इतक्यांदा त्या गोड बाईनं फसवल्यावर आत्या काही लगेच पटवून घेणार नव्हती. "मंग सांग," ती म्हणाली, "बारकी असताना माज्या घरात काय चोरून खायाचीस?"

सगळं ऑफिस ऐकत होतं. बाई ऐकत होत्या. यंत्रणा ऐकत होती. "शिंक्यावरल्या मडक्यातली सुकट," मी म्हटलं.

आत्या हसली. मग एकदम गंभीर झाली. "एवढे दिस फोन का नाय केलास गो? वाट बगून डोले गेले."

मी केला होता गो, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. म्हटलं, शुक्रवारी गाडी येते, सगळ्यांना घेऊन फाट्यावर ये.

त्या दुपारी मी डोळखांबचे उरलेले सगळे फोन तसेच केले. प्रत्येकानं आधी विचारलं, कोनाची. कोणाला वडिलांवरून पटलं, कोणाला आजोळावरून, एका आजींना आमच्या घरामागचं चिंचेचं झाड सांगितल्यावर पटलं. सोमवारच्या रिपोर्टात माझ्या नावापुढे लाल रंग होता. सुरुवातीचं वाक्य नाही, फोन गरजेपेक्षा लांब, भाषा अयोग्य. मी इतकी खाली कधीच नव्हते. बाईंनी तो रिपोर्ट तसाच वर पाठवला आणि त्याला शुक्रवारच्या गाडीचा फोटो जोडला. त्या फोटोत ड्रायव्हरच्या शेजारीसुद्धा दोघी दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि एक आजोबा पिशवी मांडीवर घेऊन मागच्या दारात. गाडी तूर्त चालू ठेवावी, असं उत्तर आलं. लाल रंगाबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, शनिवार सकाळचं. आत्याची पट्टी काढायची होती. मी ऑफिसचं जाकीट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून वॉर्डात गेले. आत्यानं मला नीट पाहिलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हा मला लांब वेणी होती आणि चष्मा नव्हता. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि तिला हळूच डोळा उघडायला सांगितलं. ती उजेडाकडे बघत राहिली. मग डॉक्टरांकडे. मग माझ्याकडे. डॉक्टर बाजूला उभे होते म्हणून असेल, किंवा सवयच म्हणा, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आता कसं वाटतंय आपल्याला? स्पष्ट दिसतंय ना?"

आत्यानं मान डोलावली. माझ्यावरून तिची नजर पुढे गेली, दारापर्यंत गेली, पलीकडच्या खाटांवर फिरून आली. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "समदं दिसतं. माजी भाची कुठं हाये?"

मी खाटेवर बसले आणि तिचा भाजलेला हात हातात घेतला. "ही काय गो, तुज्यासमोर."

तिनं माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, चष्म्याला अडखळली, आणि मला न्याहाळत म्हणाली, "मंग आता मगाशी कोन बोलली?"