डाव्या नळीची गोळी

नोकरीत खुनाचे गुन्हे पुष्कळ हाताळले. बहुतेकांचे तपशील आता एकमेकांत मिसळलेत. या एका प्रकरणाचे मिसळत नाहीत. त्यात चुकलेला माणूस मीच होतो.

मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी साडेसातला, हजेरी चालू असताना, ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता. खारघरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक भाजीची वाडी आहे, तिथे भावाने भावाला गोळी घातली, एवढे सांगून त्याने फोन ठेवला. मी तसेच स्टेशन डायरीत नोंदवून घेतले. गोळी लागली ही खबर होती. भावाने घातली, हे त्या माणसाचे मत होते. दोन्ही एकाच ओळीत लिहिली गेली.

वाडीत धाकटा भाऊ बांधाला टेकून पडला होता. गोळी छातीतून आरपार जाऊन मागच्या मातीत रुतली होती. थोरला त्याच्याजवळ बसून होता. पळून गेला नव्हता. शेजारी दुनळी रायफल पडली होती, मोठ्या बोअरची, अंगठा आत जाईल एवढ्या तोंडाची. हल्ली कोणाकडे बघायला मिळत नाही असे हत्यार. त्यांचा बाप एका शेठकडे शिकारी होता. शेठने गाव सोडताना ती त्याला दिली होती. पीक संरक्षणाचा परवाना थोरल्याच्या नावावर होता.

माणसे मूळची खाडीकाठच्या गावातली. भातशेती गेली, तिच्या जागी इमारती आल्या आणि एका प्लॉटवरून दोघा भावांत वाद झाला. पाच वर्षे बोलणे बंद. त्या वर्षी गणपतीत आईने दोघांना एका ताटात जेवायला बसवले आणि ते पुन्हा बोलू लागले. महिन्याभराने हे घडले. मला यात सरळ हेतू दिसला. गोड बोलून जवळ घ्यायचे, वाडीवर बोलवायचे आणि संपवायचे.

चौकशीत थोरला एकच गोष्ट सांगत राहिला. भाजीत रानडुक्कर शिरले होते. धाकटा हाकायला पुढे गेला, तसे ते त्याच्यावरच उलटले. थोरल्याने शंभरेक पावलांवरून पहिला बार टाकला, तो डुकराला लागला. तरी ते थांबेना. ते धाकट्याजवळ पोचले तेव्हा त्याने दुसरा बार टाकला.

"मी डुकराला मारला, साहेब," तो म्हणाला. "नेम डुकरावरच होता."

मी विचारले, "मग डुक्कर कुठाय?"

आम्ही वाडीचा कोपरा न् कोपरा पाहिला. डुक्कर नव्हते. बांधाजवळ रक्त होते, ते धाकट्याचेच धरून एका जागचा नमुना घेतला. त्याला मी पुन्हा पुन्हा एकच प्रश्न घालत होतो. त्याच हाताने, त्याच रायफलीने टाकलेली पहिली गोळी नेमकी लागते आणि क्षणभरानंतरची दुसरी वीत-दीड वीत बाजूला कशी जाते? बापापासून ही रायफल चालवणारा माणूस तू. यावर तो 'नेम डुकरावरच होता' एवढेच पुन्हा म्हणायचा. काडतुसे कुठून आणली, हे विचारले की तोंडच मिटायचा. वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने मला शिकवले होते की एका ठराविक प्रश्नालाच गप्प बसणारा माणूस खोटा असतो. ते मी त्याला लावले.

त्याच दिवशी दुपारी मी त्यांच्या आईकडे गेलो. काम एवढेच होते की मुलगा गेला हे सांगायचे. तिने विचारले, कशाने. मी म्हणालो, "मावशी, थोरल्याने मारला." ती रडली नाही. आत जाऊन तिने भिंतीवरचा दोघांचा फोटो उतरवला.

दोषारोपपत्र मुदतीत गेले. प्रयोगशाळेचा अहवाल आमच्याच बाजूचा होता: गोळी याच रायफलीची, डाव्या नळीतून सुटलेली. जामीन मिळाला नाही.

अकरा महिन्यांनी एक म्हातारा ठाण्यात आला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला आर्मरर, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती-देखभाल करणारा. शिरवण्याला राहायचा. त्याने बसायच्या आधीच विचारले, "साहेब, जप्त केलेल्या काडतुसांच्या दोन पुंगळ्या सारख्याच होत्या का?"

मुद्देमाल काढला. एक पुंगळी काळपट, जुनी. दुसरी घासून लख्ख केलेली. पंचनाम्यात मी दोन्हींबद्दल 'दोन रिकाम्या पुंगळ्या' एवढेच लिहिले होते.

लख्ख पुंगळी त्याने स्वतः भरलेली होती. या रायफलीची मूळ काडतुसे आता मिळत नाहीत. थोरल्याकडे बापाच्या वेळची दोन-तीनच उरली होती. धाकटा जुन्या पुंगळ्या घेऊन या म्हाताऱ्याकडे आला होता. भावाशी बोलणे पुन्हा सुरू झालेय, त्याला काहीतरी न्यायचेय, असे म्हणाला होता. भरून देणे बेकायदा आहे हे म्हाताऱ्याला ठाऊक होते, म्हणूनच तो इतके महिने पुढे आला नव्हता. जुनी नळी फुटून कोणाला इजा होऊ नये म्हणून त्याने दारू मुद्दाम कमी घातली.

मग त्याने मला जे समजावले ते मी अकरा महिने आधी कोणाला तरी विचारायला हवे होते. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या समांतर दिसतात, पण तशा नसतात. बार उडाला की धक्क्याने उजवी नळी उजवीकडे सरकते, डावी डावीकडे. म्हणून कारागीर त्या पुढे किंचित आत वळवून बसवतो, तेही एका ठरलेल्या दारूच्या हिशेबाने. तेवढी दारू असली तर दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच जागी लागतात. दारू कमी पडली की गोळी नळीत रेंगाळते, तोवर नळी जास्त सरकते आणि गोळी त्या बाजूला जाते.

न्यायालयाची परवानगी घेऊन तेवढ्याच अंतरावरून फायरिंग केले. जुन्या काडतुसाने उजव्या नळीची गोळी मधोमध. भरलेल्या काडतुसाने डाव्या नळीची दीड वीत डावीकडे.

नंतर डुकराचाही पत्ता लागला. जखमी होऊन ते ओढ्यात जाऊन मेले होते. शेजारच्या वाडीतल्या मजुरांनी ते उचलून नेले, वाटून खाल्ले आणि वनखात्याच्या भीतीने कोणी तोंड उघडले नव्हते.

मी तुरुंगात जाऊन थोरल्याला विचारले, काडतुसे भावाने आणली हे का सांगितले नाहीस?

तो म्हणाला, "तो मेला, साहेब. त्याच्या नावाव गुन्हा कशाला?"

न्यायालयाने खुनाचे कलम काढले. निष्काळजीपणाचे राहिले. त्याची शिक्षा भोगून झालेलीच होती. नियमाप्रमाणे मी आर्मररवरही गुन्हा दाखल केला. आपणहून आलेल्या माणसाला मी एवढेच देऊ शकलो.

बेलापूरच्या कोर्टाबाहेर थोरला माझ्यावर चिडला नाही. आईला एकदा सांगाल का, एवढेच म्हणाला. मी गेलो. नळ्या, दारू, डुक्कर, सगळे तिला समजेल असे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"तवा तुमीच सांगलाव, थोरल्यानं मारला," ती म्हणाली. "त्याव मी वरीसभर जगले. आता येगला सांगताव. मी कोनचा खरा धरू?"

पुन्हा एकदा गेलो, तेव्हा धाकट्याच्या बायकोने दारातूनच परत पाठवले. थोरला गावाबाहेर भाड्याच्या खोलीत राहू लागला. दोन वर्षांनी म्हातारी गेली. अग्नी धाकट्याच्या मुलाने दिला. थोरला स्मशानाच्या फाटकाशी उभा होता आणि त्याला आत ये म्हणणारे कोणी नव्हते. मी होतो, पण ते म्हणायचा मला हक्क नव्हता.

निवृत्तीनंतर कधी प्रशिक्षणाला बोलावतात, तेव्हा मी तरुण अधिकाऱ्यांना सांगतो: घरच्यांकडे जाल तेव्हा मृत्यू सांगा, मारेकरी सांगू नका. ती मुले वहीत लिहून घेतात. थोरल्याला त्याचा काही उपयोग नाही.