देठाचा रिपोर्ट

कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदारांत ज्योतिबाचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. गडी अंदाजानं काही करत नसे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पहिला बागायतदार, त्यामुळं चुकायची त्याला भारी धास्ती. पानं जरा पिवळी दिसली की शेजारीपाजारी मॅग्नेशियमची पोती ओतायचे. हा मात्र वेलीच्या पानांचे देठ तोडून सांगलीच्या लॅबला द्यायचा आणि रिपोर्ट आल्याशिवाय चिमूटभर खत टाकायचा नाही. सगळे रिपोर्ट लाल फायलीत, तारखेवार लावलेले. एवढी अक्कल होती, म्हणूनच त्याचा राग येतो.

त्याची आई तानुबाई. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, पंधरा वर्षांची शुगर, आणि आता पोटऱ्यांत असे गोळे यायचे की म्हातारी कळवळायची. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, रक्त तपासून घ्या, किडनीची शंका आहे, तोवर मनानं काही देऊ नका.

"आवं, उद्याच जाऊ या की," ज्योतिबाची बायको सोनिया म्हणाली.

"छाटणी तोंडावर आलीया. ती हू दे, मग बघू."

छाटणी झाली, फुटवे आले, रक्त तपासायचं राहिलं. मधल्या काळात त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला: मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी पायांतले गोळे जातात, झोप लागते, पोट साफ होतं. वेलीला लागतं ते माणसाला लागणारच! डबा आणला आणि रोज दोन गोळ्या आईला स्वतःच्या हातानं द्यायला लागला. धडधाकट माणसाला त्या मानवल्याही असत्या.

"लय बरं वाटतंय रं," तानुबाई आठवड्यातच म्हणाली. सुनेला मात्र तिनं सांगितलं, "गोळं हाईत तसंच हाईत. पर त्येला बोलू नगं, हौसेनं आनल्यात."

पुढं म्हातारी दिवसाही झोपायला लागली. भाकरी मोडायला हातात जोर राहिना. ज्योतिबा खूश! झोप लागते म्हणून त्यानं दोनाच्या चार गोळ्या केल्या. सोनियानं डबा लपवला, तर चारचौघांत ओरडला, "तुला माझ्या आयेचं चांगलं बघवत न्हाई!" त्या दिवसापासून त्या बिचारीनं डब्याला हात लावला नाही.

गोळ्या सुरू झाल्यापासून सहाव्या आठवड्यात बागेतली पानं पिवळी दिसली. ज्योतिबानं देठ तोडले, ओल्या फडक्यात गुंडाळले, गाडी काढली. सोनियाला राहवलं नाही.

"आत्याबाईंस्नी घ्या की संगं. मिरज वाटंवरच हाय."

"तितं दोन तास मोडत्यात. देठ सुकतील."

दुपारी तो परतला तेव्हा म्हातारी हाक मारून उठेना. मग मात्र मिरज गाठली. किडनी मॅग्नेशियम बाहेर टाकत नव्हती, ते अंगात साठत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. "रक्ताचा रिपोर्ट कुठंय?" त्यांनी विचारलं. ज्योतिबानं घाईत उचललेली लाल फाईल पुढं केली. डॉक्टरांनी दोन पानं उलटली आणि परत दिली. तानुबाई त्याच संध्याकाळी गेली.

राख सावडायच्या दिवशी सगळे स्मशानात असताना त्याचा फोन वाजला. लॅबचा माणूस होता, मोठ्या आवाजाचा.

"पानं पिवळी असली तरी देठात मॅग्नेशियम भरपूर आहे, दादा. बरं झालं, तपासल्याशिवाय दिलं नाहीत."

"व्हय," ज्योतिबा सवयीनं म्हणाला, आणि तिथंच राखेपाशी खाली बसला.