हलक्या प्रतीची वस्तू

"कामवालीचा रोल तू कर. तुला अभिनय करावा लागणार नाही."

अर्थशास्त्राचे सर भर वर्गात म्हणाले. माझ्याकडे बघून. वर्ग हसला.

एम.ए.चं पहिलं वर्ष. सरांची नवी पद्धत होती, उलटा वर्ग. धडा घरी मोबाइलवर बघून यायचा, वर्गात त्यावर बोलायचं. धडे म्हणजे सिनेमांचे, मालिकांचे तुकडे. पद्धतीबद्दल माझी तक्रार नव्हती. कळमेश्वरहून कॉलेजला येताना बसमध्ये उभ्यानं मी ते बघायची. पुस्तकात न कळलेलं कळायचंही.

त्या आठवड्याचा तुकडा एका विनोदी मालिकेतला. साहेबांचा पगार वाढतो. घरातली ज्वारी बंद, गहू सुरू. उरलेली भाकर कामवाली पदरात घेते. "मले शिळी बी चालते जी, बाईसाहेब." मागून हशा. शिकायचं काय, तर उत्पन्न वाढलं की जिची मागणी घटते, ती हलक्या प्रतीची वस्तू.

हा प्रवेश वर्गात करायचा होता. साहेब ठरला, बाईसाहेब ठरली. कसं बोलायचं, कसं बसायचं, सरांनी दोघांना समजावलं. मला काहीच नाही. मीही 'मले' म्हणते, एवढं त्यांना पुरलं.

शेजारची मैत्रीण कुजबुजली, "करून टाक ना वं. इंटर्नलचे मार्क त्यायच्याच हाती आहेत."

माहीत होतं मला. इंटर्नल गेलं की वर्ष अडकलं. तरी उभी राहिले.

"मी नाही करत, सर. भाकर हलकी का भारी, ते बाजार ठरवते. मी हलकी आहो, हे तुमाले कोनं सांगतलं?"

सर टाळ्या वाजवू लागले.

"वा! हाच टोन हवा! आता हेच पुढं येऊन म्हण."

तेव्हा किळस आली. अपमानाची आली नव्हती एवढी त्या टाळ्यांची आली. माझा राग त्यांना मालिकेतला पुढचा संवाद वाटला. कसला उलटा वर्ग! हसणारे आपल्या जागी, ज्यांच्यावर हसायचं ते आपल्या जागी. उलटलं काहीच नव्हतं.

मी पुढं गेले नाही. खालीही बसले नाही. शेवटी सरांनीच तो प्रवेश सोडून दुसरा विषय काढला.

इंटर्नलमध्ये त्यांनी मला नापास केलं. कारण लिहिलं, सहभाग नाही.

आता त्याच इंटर्नलची फेरपरीक्षा आहे, तोंडी. समोर तेच बसतील. मी अर्थशास्त्रच सांगीन, आणि माझ्या बोलीत सांगीन. हसायचं असेल, तर आधी माझं उत्तर खोडून दाखवा.