लिफ्टमधली वटवाघळं

सुंदर गोष्टींशी उभं वैर धरलेली बंगळुरूच्या साऱ्या व्हाइटफील्डमधली एकमेव फोटोग्राफर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्का. सूर्यास्त, गुलाब, दवबिंदू यांच्याकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत. "मोराला ठाऊक आहे तो देखणा आहे ते. त्याचा फोटो कशाला?" असं म्हणून त्या कॅमेरा पालीकडे वळवतात. माझ्या बायकोच्या वाढदिवसाला मी त्यांना हौसेनं फोटो काढायला बोलावलं. केकच्या कडेवरून चाललेला कोळी इतका सुरेख आला, की त्याच्या पायांवरची लवसुद्धा दिसते. मागे जो गुलाबी धुरकट डाग आहे, ती माझी बायको. ती आठवडाभर धुमसत होती. मग तिनं तो फोटो फ्रेम करून लावला, आणि आता घरात कोळी दिसला की ती झाडू शोधत नाही, चष्मा शोधते.

अक्कांच्या खिडकीसमोर जुना वड, वडावर वटवाघळं आणि वडाखाली आमच्या गाड्या. रोज सकाळी गाड्यांची जी दशा व्हायची ती पाहून असोसिएशनच्या सेक्रेटरींनी वड तोडायचा प्रस्ताव आणला. दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये एक फोटो लागला: उलटी लटकलेली आई आणि तिच्या पंखाच्या घडीतून डोकावणारं पिल्लू. सेक्रेटरींनी तो काढला. अक्कांनी त्याहून मोठा लावला. तोही निघाल्यावर त्यांनी पुढचा थेट आरशावर चिकटवला. भांग सारखा करायला जावं तर समोर वटवाघूळ. आधी लोक नाक मुरडायचे, मग थबकू लागले. वड तोडाच म्हणून सगळ्यांत आधी सही करणाऱ्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा मला हळूच विचारलं, की आई फळं खायला जाते तेव्हा पिल्लू कुणापाशी असतं.

बैठकीत सेक्रेटरींनी गाड्यांच्या रंगाबद्दल बरंच सांगितलं. अक्का उठल्या. "हे झाड तुमच्या गाड्यांच्या आधी आलंय. गाड्यांना चाकं आहेत. स्वल्प, थोड्या सरकवा."

वड वाचला, पण तडजोड म्हणून गाड्यांवरच्या फांद्या छाटायचं ठरलं. करवत चालली तो सगळा वेळ अक्का कॅमेरा रोखून उभ्या होत्या. बाजूला व्हा म्हणायला आलेल्या सेक्रेटरींचाही त्यांनी फोटो काढला. माणसाचा त्यांच्या हातून आलेला तो पहिला स्पष्ट फोटो. करवतीच्या आवाजानं वटवाघळं उठली, ती परतलीच नाहीत.

काही दिवसांनी संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, तर अक्का कठड्याशी उभ्या होत्या. वटवाघळांची उडायची वेळ होती आणि आकाशात काहीच नव्हतं. येतील परत, असं मी म्हणालो. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच म्हणून त्यांनी कॅमेरा वर केला आणि त्या रिकाम्या आकाशाचा फोटो काढला.

सकाळी तो लिफ्टमध्ये लागला होता. मी आत शिरलो तेव्हा सेक्रेटरी एकटेच होते. खाली पोचेपर्यंत ते त्या फोटोकडे पाहत राहिले. दार उघडल्यावर त्यांनी त्याचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं नीट दाबून बसवला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडले.