जाताना एसटी, येताना गाडी

मंगळवार, ६ फेब्रुवारी २००१. काम एकच होतं. आजऱ्याहून अक्काला आणायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत कोल्हापुरात डॉक्टरांपुढे बसवायचं.

अक्का माझी थोरली बहीण. आजऱ्यात तिची काजूची शेड आहे, सहा बायका काजू फोडतात. दिवाळीनंतर पायरीवरून घसरून तिचा घोटा मोडला आणि प्लास्टर आदल्या शनिवारी निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आठवड्यातून तीन दिवस, दोन महिने, घोट्याचे व्यायाम करून घ्यायला यायचं. खाडे झाले तर घोटा आखडेल आणि मग आयुष्यभर लंगडायचं. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं तर तिला हंगाम सोडवत नव्हता. शेडमध्ये मालकीण उभी नसली की अख्ख्या काजूचे तुकडे होतात, हे तिचं म्हणणं मला पटत होतं.

शनिवारी ती भाड्याच्या जीपनं येऊन गेली. ते भाडं चोवीस वेळा देणं शक्यच नव्हतं. ह्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांची बदली झाली होती आणि ते आपली जुनी छोटी मोटार विकायला निघाले होते. ‘दोन दिवस चालवून बघा, बुधवारी काय ते सांगा,’ म्हणाले. ह्यांचं मत आधीच झालेलं होतं. ‘अक्कांच्या पायासाठी घेऊ, नंतर आपल्यालाही होईल.’ मी शाळेत गणित शिकवते. म्हटलं, मी एसटीनं पुढे जाते, तुम्ही दुपारी गाडी घेऊन या, अक्काला घेऊन तिघं गाडीनं परत येऊ. दोन्हींचा खर्च आणि दोन्हींचा त्रास एकाच दिवशी कळेल.

सकाळी सातची गाडी. स्टँडवर पोचले तेव्हा खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आणि एक छत्री टाकून सगळ्या जागा धरलेल्या होत्या. माझ्याकडे टाकायला पर्स सोडून काही नव्हतं, म्हणून उभी राहिले. तिकीट बेचाळीस रुपये. कागलपर्यंत उभ्यानं गेले, तिथे कारखान्याचे दोघं कामगार उतरले आणि खिडकी मिळाली. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून होता आणि ट्रॅक्टरवाल्याच्या गाण्यांपुढे तो हॉर्न कोणालाही ऐकू जात नव्हता. अर्धा तास तिथेच गेला.

निपाणीला दहा मिनिटं गाडी थांबली. तंबाखूचा वास आला की निपाणी आली, हे डोळे मिटूनही कळतं. स्टँडबाहेर वडापवाला (भरेल तेव्हा सुटणारी जीप चालवणारा) ओरडत होता, ‘आजरा, आजरा! लगेच निघाली!’ जीपमध्ये एकच माणूस बसलेला होता आणि त्याचा चेहरा बघता तो बराच वेळ बसलेला होता. मी एसटी सोडली नाही.

निपाणीला शेजारी एक बाई येऊन बसल्या. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर खणांचं गाठोडं. उत्तूरला घरोघर खण विकायला निघाल्या होत्या. मी कुठे, कशाला, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतलं.

‘तंगी (कानडीत धाकटी बहीण), गाडी घेऊ नको.’

‘का हो?’

‘गाडी म्हंजी घरजावई. कामाला गेला तरी खातोय, दारात उभा ऱ्हायला तरी खातोय. वर त्याचा मान ठेवायचा.’

‘तुमच्याकडे आहे का?’

‘गाडी न्हाई. जावई हाय.’

पुढच्या बाकावरचा माणूस मान न वळवता हसला. बाईंनी मला खणही दाखवले. जांभळा चांगला होता, घेतला नाही.

निपाणी सोडल्यावर रस्ता चढ-उतारांचा होतो, माती लाल होत जाते आणि ऊस मागे पडतो. उत्तूरला एक म्हातारी चढली. एसटीची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच. कंडक्टरनं वरून हात दिला, खणवाल्या बाई उतरायच्या होत्या त्यांनी खालून पाठीला रेटा दिला आणि म्हातारी वर आली. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. मी ते नीट बघून ठेवलं. उत्तूरपासून पुढे दोन्ही अंगांना काजूची झाडं, मोहोराचा गोडसर वास. दहा वाजून वीस मिनिटांनी आजरा. पाठ धरली होती, बाकी तक्रार नव्हती.

अक्का शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, दुखरा पाय पत्र्याच्या डब्यावर.

‘आलीस व्हय? पावणं कुठं हायत?’ ह्यांना ती पावणं म्हणते, घरचे जावई म्हणून.

‘गाडी घेऊन येतायत.’

‘मग जेवूनच जाऊ. बारा वाजंस्तवर येत्याल.’

हे पावणेबाराला आले, पावणेदोन तासांत. एसटीपेक्षा दीड तास कमी. शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. घनसाळ तांदळाचा भात आणि नुकत्या निघू लागलेल्या ओल्या काजूची उसळ, असं जेवण झालं. मी घड्याळ बघून सांगितलं, साडेबाराला निघायचं, म्हणजे अडीचला कोल्हापूर. उपचार तीन ते पाच. भरपूर वेळ होता.

साडेबाराला अक्काच्या शेजारच्या वच्छीकाकू दारात उभ्या होत्या. पायाशी तांदळाचं पोतं.

‘राजारामपुरीत लेक दिलीया माझी. गाडी रिकामीच चाललीया न्हवं?’

मी ह्यांच्याकडे बघितलं, हे अक्काकडे, आणि अक्का म्हणाली, ‘बस की काकू. रिकामी गाडी गावातनं न्यायची म्हंजी बरं दिसत न्हाय.’

पोतं डिकीत मावलं नाही म्हणून निम्मे तांदूळ दुसऱ्या पिशवीत काढले. तेवढ्यात निवृत्त तलाठी आण्णा आले. चष्मा बदलायला त्यांना शाहूपुरीत जायचं होतं आणि ‘वेळेचं काय न्हाय, मी कवापण तयार’ असं म्हणून ते धोतर बदलायला घरी गेले. सव्वा वाजता आम्ही निघालो. पुढे अक्का, तिच्या पायाशी तांदळाची पिशवी. मागे काकू, मी, आण्णा आणि काकूंच्या मांडीवर भोपळा.

हे गाडी चांगली चालवत होते. पण पाच माणसं आणि पोतं घेऊन ती चढाला कण्हत होती. निपाणीत पेट्रोल टाकलं तेव्हा मी मनात हिशेब केला आणि एक गोष्ट लक्षात आली, जी घरी कागदावर आली नव्हती. गाडी कोल्हापुरात, पेशंट आजऱ्यात. एका उपचारासाठी गाडी दोनदा जायची, दोनदा यायची. म्हणजे तीनशे चाळीस किलोमीटर, त्यातलं निम्मं रिकामं. पेट्रोलचेच सातशेच्या वर. एसटीनं अक्काचं जाणं-येणं चौऱ्याऐंशी आणि रिक्षाचे तीस. शिवाय गाडी आपली आपण चालत नाही, ह्यांची चोवीस दिवसांची रजा वेगळी.

कोल्हापूरला सव्वातीनला शिरलो. अजूनही वेळ होता. मी म्हटलं, ‘आधी दवाखाना.’

आण्णा म्हणाले, ‘शाहूपुरी वाटंवरच हाय की.’

ती वाटेवर नव्हती. पण ह्यांनी गाडी वळवली. दुकानाच्या दारात सोडलं तर आण्णा म्हणाले, ‘पाच मिनटं थांबा, बंद असलं तर?’ दुकान उघडं होतं. आण्णा ते सांगायला बाहेर आले, पाऊण तास गप्पा मारून झाल्यावर म्हणा किंवा फ्रेम निवडून झाल्यावर म्हणा.

‘अहो, चला ना तुम्ही,’ मी दोनदा म्हटलं.

‘थांबा म्हणालेत. असं कसं जायचं?’

मग राजारामपुरी. मी म्हटलं, काकूंना नाक्यावर सोडू. काकूंनी फक्त भोपळा मांडीवर सरळ केला. हे गल्लीत शिरले. पोतं दुसऱ्या मजल्यावर. जावई कामावर, म्हणून ह्यांनीच चढवलं. काकूंची लेक खाली धावत आली, ‘काका, दारात गाडी आली आणि च्या न घेता? आमच्या घरात काय हाय का न्हाय?’ हे तिचं मन मोडू शकले नाहीत. मी आणि अक्का गाडीतच बसलो. अक्काला पाय सोडायला जागा नव्हती. घोटा सुजून चकचकीत झाला होता.

पाच वाजून वीस मिनिटांनी दवाखान्यात पोचलो. बाहेरची बाई झाडून घेत होती.

‘डॉक्टर गेले की. तीन ते पाच सांगितलं हुतं न्हवं?’

‘उद्या?’

‘सकाळी आठला या. मधी घुसवतो. पण ताई, पयल्याच दिवशी खाडा?’

अक्का गाडीत बसूनच ऐकत होती. म्हणाली, ‘चुकलं माझं. त्यास्नी मीच बसवलं.’

‘तुमचं नाही, माझं,’ हे म्हणाले.

घरी आल्यावर सुजेवर बर्फ लावला. चहा झाला. मी ह्यांना शांतपणे विचारलं, ‘आणखी तेवीस वेळा जायचंय. वच्छीकाकूंना, आण्णांना, त्यांच्या पाहुण्यांना तेवीस वेळा नाही म्हणाल?’

त्यांनी खरंच विचार केला. कप खाली ठेवला.

‘एकदासुद्धा नाही जमणार.’

‘आणि अक्का, तू?’

‘मी त्या गावात ऱ्हातो बाई. मला कसं जमंल?’ अक्का आमच्या भागातल्या बायकांसारखी स्वतःला ‘राहतो’च म्हणते.

‘एसटीत कोणी काकूंना दारात सोड म्हणत नाही.’

‘म्हणत्यात. कंडक्टर आईकत न्हाय.’

लोक म्हणतात मोटारीला पेट्रोल लागतं, टायर लागतात, विमा लागतो. ते सगळं कागदावर मांडता येतं. आमच्या जिल्ह्यात मोटारीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे मालकाला ‘नाही’ म्हणता येणं. आमच्या घरात ते कोणालाच येत नाही. मला येतं, पण मला गाडी चालवता येत नाही.

‘एकटी चढशील?’ मी अक्काला विचारलं.

‘तिकडनं माझ्या बायका चढवत्याल. हिकडनं कोण?’

बुधवारी सकाळी आठला अक्काला रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घोटा दाबला, वाकवला. अक्कानं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. सूज का आली, हे डॉक्टरांनी विचारलं आणि अक्का साडीचा काठ घोट्यावर ओढू लागली. ते म्हणाले, ‘घोटा सुटेल, पण इथून पुढे सकाळी अकराला या, एकही खाडा नको. आणि पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. रोज करा.’

तिथून येताना गाडीची चावी मी त्या गृहस्थांना देऊन आले, गाडी आमच्या दारातून घेऊन जा म्हटलं. ह्यांना पाठवलं असतं तर ते गाडी घेऊन परत आले असते.

अकराच्या आजरा गाडीला अक्काला स्टँडवर नेलं. दाराजवळच्या बाकावर, जिथे पुढे पाय सोडायला जागा असते, मी आधीच खिडकीतून पर्स टाकून ठेवली होती. अक्का पहिल्या पायरीपुढे उभी राहिली.

‘चला, मावशी,’ कंडक्टर म्हणाला.

‘दम की रं. कुठला पाय आधी, ते आठवतोय.’

चांगला पाय वर गेला. दांडी धरली. मग दुखरा. मी तिच्या पाठीमागे हात धरून उभी होते, पण लावला नाही. बाकावर बसून तिनं पाय सरळ सोडला, माझी पर्स खिडकीतून परत दिली आणि म्हणाली, ‘परवा सातला निघतो. स्टँडवर ऱ्हा.’

मी गाडीत चढले नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली आणि मी दुपारच्या शाळेला गेले.