बापूच्या कमरेची गाठ

बावीस महिन्यांचा झाला तरी माझा मुलगा चालत नव्हता. घरात आम्ही त्याला बापू म्हणतो. तो रांगायचा, खाटेला धरून उभा राहायचा, पण हात सुटला की मटकन खाली बसायचा. त्याच्या मागून झालेली शेजारणींची मुलं जिने चढायला लागली होती. गावाहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "पोऱ्या चालाले लागना का?" मी म्हणायचे, लागेल. मग त्या लगेच फोन ठेवायच्या, आणि ते मला फार लागायचं.

मला जे डाचत होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही धुळ्याकडचे, पोटासाठी गुजराती मुलखात आलेलो. हे पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये आहेत आणि मी उधन्याच्या आमच्या खोलीत मशीनवर साड्यांना लेस लावते. साड्या शेठच्या, कोऱ्या करकरीत. डाग पडला की परत येतात. त्यात मशीनच्या सुईची भीती. म्हणून बापू रांगायला लागला तसं मी जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडली, एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं खाटेच्या पायाला बांधलं. आमच्या गल्लीत लेसचं काम करणाऱ्या पुष्कळ जणी असं करतात. पण माझी पट्टी मी तो मशीनपर्यंत पोहोचणार नाही असा अंदाज घेऊन फाडली होती. बापूला पांढरी लेस फार आवडायची. मी ती ओढली की तो तिच्यामागे यायचा, आणि बरोबर एक वीत अलीकडे पट्टी ताणली जायची. तो हात पुढे करायचा, लेस सरकून जायची, आणि तो बसायचा. दिवसातून कितीतरी वेळा. आता मला वाटायचं, पुढे जाऊन काही हाताला लागत नाही, हे मीच त्याला शिकवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याचे पाय नीट तपासले. म्हणाल्या, काही दोष नाही, काही मुलं उशिराच चालतात, याला मोकळं सोडा, वाळूत खेळू द्या. मोकळं म्हटल्याबरोबर माझी मान खाली गेली. त्यांनाही मी पट्टीचं सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त आमच्या गावाकडच्या देवीला, कानबाईला. आमच्या देव्हाऱ्यात तिचा नारळ आहे. रोज हळदकुंकू वाहताना मी म्हणायचे, माय, चूक माझी आहे, याच्या पायांत बळ दे. आणि तिथून उठून पुन्हा पट्टी बांधायला जायचे, कारण काम तर करायचंच होतं.

एका रविवारी शेठकडून माल आला नाही. हे रात्रपाळी करून आले होते, अंथरुणावर पडल्या पडल्याच म्हणाले, "जाय ना वं डुमसले, पोऱ्याले दर्या दाखाड. तुले कोन खाई जाई?" मी कधी एकटी एवढ्या लांब गेले नव्हते. रिक्षा परवडणारी नव्हती, म्हणजे बसमध्ये बसून चार माणसांत बोलावं लागणार. तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, पाण्याची बाटली आणि बापूचं एक जास्तीचं झबलं घेतलं. पट्टीसुद्धा पिशवीत टाकली. ती का टाकली हे मी स्वतःला विचारलं नाही. कंडक्टरने तीनदा "क्यां जवानुं, बेन?" विचारलं तेव्हा कुठे माझ्या तोंडून डुमस निघालं.

दोन बस बदलून पोहोचलो तर काळी वाळू लांबवर पसरलेली, पलीकडे पाणी. बापूने एवढी मोठी जागा आयुष्यात पाहिली नव्हती. मीही भ्यायले. पाण्यापासून थोडं अलीकडे बसले, पट्टी काढली, एक टोक त्याच्या कमरेला बांधलं आणि दुसरं माझ्या मनगटाला. मग आम्ही दशम्या खाल्ल्या. त्याने निम्मी वाळूच खाल्ली.

शेजारी एक म्हातारी शेगडीवर मक्याची कणसं भाजत होती. बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ए बेन, आ पोयराने बांधेलो केम? बकरुं छे?"

मुलाला बकरीसारखं बांधलंस का, असं विचारत होती. मी नुसती हसले. ती गुडघ्यावर हात देत उठली आणि हातातला पंखा तिने माझ्या हातात कोंबला. "ले, हवा नाख. बंध नई करती, नई तो मारो धंधो गयो."

मोठ्या माणसाने काही सांगितलं तर मला नाही म्हणता येत नाही. मी शेगडीपाशी बसून न थांबता वारा घालू लागले. तिने माझ्या मनगटातली पट्टी काढली, बापूच्या कमरेची गाठ ओल्या वाळूत भिजून घट्ट बसली होती ती दातांनी सोडवली, आणि लुगडं वर खोचून त्याच्या पुढे पाण्यात जाऊन उभी राहिली.

फेसाची पांढरी कड वाळूवरून सरकत आली. मला ती लेसच दिसली, शेठच्या कुठल्याही साडीला पुरून उरेल इतकी लांब. बापूलाही तशीच दिसली असावी. तो रांगत तिच्याकडे गेला. पाणी त्याच्या कोपरापर्यंत आलं, गार लागलं, त्याने तोंड वाकडं करून दोन्ही हात उचलले आणि धरायला काही नसताना उभा राहिला. तेवढ्यात कड मागे फिरली. आता तो बसणार, हे मला ठाऊक होतं. धावून जावंसं वाटलं, पण हातात पंखा, समोर तिचा धंदा. मी फक्त "माय" म्हटलं.

त्याने पाऊल टाकलं. मग दुसरं. पाच पावलं गेला आणि चिखलात बसला. वळून त्याने माझ्याकडे बघितलं नाही, स्वतःच्या कमरेकडे बघितलं. तिथे काही ओढत नव्हतं. मग ढुंगण वर करून उठला आणि पुन्हा निघाला.

मी रडत होते आणि जोरजोरात वारा घालत होते. म्हातारी परत आली, शेगडीत बघून ओरडली, "हाय हाय, मारी मकाई बाळी नाखी! हवे आ तारे ज खावानी." ते जळकं कणीस तिने मलाच खायला लावलं, पैसे घेतले नाहीत. मी तिच्या पाया पडले तर पाय मागे घेऊन म्हणाली, "अरे, छोकरो जो, छोकरो!" मुलाकडे बघ म्हणाली. अशा अनुभवांत लोक सांगतात की मागे वळून पाहिलं तर ते माणूस दिसलंच नाही. मला ती दिसत होती. लिंबू कमी लावलं म्हणून एका गिऱ्हाइकाशी भांडत होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. तोच प्रश्न. मी फोन फरशीजवळ धरला. बापू खोलीतून थप थप करत चालत होता. पलीकडून हळूच आवाज आला, "माय वं."

तो पट्टीमुळे थांबला होता की त्याची वेळच तेव्हा यायची होती, हे मला माहीत नाही. तेवढी माझी अक्कल नाही. मला एवढंच कळलं की मी त्याच्यासाठी पाय मागत होते आणि पाय त्याला केव्हाच मिळालेले होते. मला माझे हात बाजूला ठेवता येत नव्हते, म्हणून त्या म्हातारीने त्यांना दुसरं काम दिलं. पट्टी मी धुऊन, घडी करून कानबाईच्या नारळाखाली ठेवली आहे. आता मी तो झोपला की मशीनवर बसते. काम कमी होतं, मागे एका साडीवर त्याचं पाऊल उमटलं तेव्हा बोलणीही खाल्ली. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तो जिना चढायला लागला की अजूनही माझा हात आपोआप पुढे जातो. मग मी हात पदरात गुंडाळून घेते, मनात माय म्हणते, आणि त्याच्या एक पायरी मागून चढते.